रेवाची दहाची टूर

आम्ही सेंट ऑगस्टीनला गेलो ते मुलीला परत आणायला. गाव आपलं मध्ये आलं. पण आता जाऊन आलोच आहोत, आणि डब्लिनमध्ये ज्या घरी चहाला जावं तिथे "फ्लोरिडा कसं झालं?" असं विचारतात, तर एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. ज्यांना डब्लिन म्हटल्यावर आयर्लंड आठवतं त्यांच्यासाठी खुलासा: आमचं डब्लिन ओहायोतलं, कोलंबसला चिकटलेलं. इथे प्रत्येक घरापुढचं गवत एका उंचीचं असतं, प्रत्येक घरातलं मूल डॉक्टर, इंजिनियर किंवा त्या वाटेवर असतं, आणि कुणाचीही मुलगी टूर गाइड नसते.

आमची आहे. रेवा पंचवीस वर्षांची. मिशिगनला ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत चार वर्षं थंडीत सायकल मारून तिनं कॉम्प्युटर सायन्स केलं, कोलंबसला दोन वर्षं चांगली नोकरी केली आणि एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "आय ॲम डन." मी तिच्या हातातली बशी उचलून सिंकमध्ये ठेवली. तिला नोकरी म्हणायचं होतं हे कळायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ती अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या गावात लोकांना पायी फिरवते. माझी बायको मंजिरी लोकांना सांगते, "रेवा हेरिटेज सेक्टरमध्ये आहे." ऐकणारे आदरानं मान डोलावतात. सेक्टर म्हटलं की त्यात हेल्थ इन्शुरन्स असणारच, अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे.

माझी तयारी चोख होती. ओळखीच्या एका गृहस्थांच्या कंपनीत तिच्यासाठी जागा होती. तिनं महिनाअखेरीपर्यंत हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. मी प्रोजेक्ट मॅनेजर माणूस. तिला पटवण्याचे तीन मुद्दे फोनमध्ये लिहून घेतले, विमानात दोनदा वाचले आणि दुसरा मुद्दा आधी घ्यावा का यावर विचार करता करता जॅक्सनव्हिल आलं.

शुक्रवार

विमानतळावरून गाडीनं तासाभरात गाव येतं. भूमध्य समुद्राकाठचं एखादं जुनं गाव कुणीतरी अलगद उचलून फ्लोरिडाच्या दलदलीकाठी ठेवलंय, असं पहिल्यांदा वाटतं. अरुंद गल्ल्या, रस्त्यावर झुकलेले लाकडी सज्जे, पांढऱ्या भिंती, लाल कौलं. स्पॅनिश लोकांनी वसवलं, मध्ये वीसेक वर्षं इंग्रजांनी चालवलं, पुन्हा स्पॅनिशांकडे गेलं, मग अमेरिकेकडे. प्रत्येकानं काही ना काही मागे ठेवलं. अमेरिकेनं फज नावाच्या मिठाईची दुकानं ठेवली.

इथे सगळं सगळ्यात जुनं आहे. सगळ्यात जुनं घर, सगळ्यात जुनी लाकडी शाळा, सगळ्यात जुनी गल्ली. पाट्या वाचत वाचत आम्ही सगळ्यात जुन्या सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या शोधात होतो, ते मात्र अगदी नवंकोरं निघालं.

रेवाला पाचपर्यंत काम होतं, म्हणून आम्ही तारुण्याचा झरा बघून घेतला. त्याचं पाणी प्यायलं की म्हातारपण येत नाही म्हणे. कागदी पेल्यात पाणी देतात. त्याला गंधकाचा वास येतो. ज्यांनी उकडलेली अंडी डब्यात घालून उन्हात विसरली असतील त्यांना तो ओळखीचा वाटेल. मी एक घोट घेतला. मंजिरीनं दोन पेले संपवले आणि तिसऱ्यासाठी हात पुढे केला.

"तुला आवडलं?" मी विचारलं.

"चवीसाठी कोण पितंय?" ती म्हणाली.

उतरलो होतो ते एका जुन्या घरात. पलंग इतका उंच की चढायला लाकडी पायरी ठेवली होती. मालकीणबाईंनी वायफायचा पासवर्ड दिला, सकाळच्या नाश्त्याची वेळ सांगितली आणि त्याच सुरात सांगितलं की आमच्या खोलीत एक भूत आहे, पण स्वभावानं चांगलं आहे. या गावात भूत नसलेली खोली मिळणं कठीण. बहुतेक कमी दर्जाची समजत असावेत.

संध्याकाळी रेवाचा मेसेज आला. भेटायला ती येणारच होती, पण त्याआधी अटी आल्या. इंग्रजी अक्षरांत मराठी, तिच्या पद्धतीनं: "उद्या दहाची टूर. तुम्ही कस्टमर आहात. नो मराठी. नो करेक्शन्स. नो 'आमच्याकडे'."

"तिसरी अट कुणासाठी आहे?" मी विचारलं.

मंजिरीनं उत्तर देण्याची तसदी घेतली नाही.

शनिवार, सकाळी

जुन्या गावाच्या वेशीवर दोन दगडी खांब आहेत. तिथे दहाला पाच कमी असताना चौदा लोक जमले होते: बारा अमेरिकन आणि आम्ही दोघं. मे महिन्यातलं ऊन, हवेत एवढा दमटपणा की चष्मा पुसून खिशात ठेवावा. आणि खांबाला टेकून आमची मुलगी उभी. डोक्यावर गवती हॅट, अंगात अठराव्या शतकातल्या मोलकरणीचा झगा, कमरेला एप्रन, पायात धावण्याचे बूट, गळ्यात परवान्याचं कार्ड. एवढं शिकवून आपण मुलीला कुठल्या शतकात पोचवलं, ते प्रत्यक्ष बघायला मिळालं.

"वेलकम, एव्हरीबडी," ती म्हणाली. तिची नजर आमच्यावरून अशी सरकली जशी बसमधल्या अनोळखी माणसांवरून सरकते.

टूर अर्थातच इंग्रजीत होती. मी मराठीत सांगतो.

घरी या मुलीकडून एक पूर्ण वाक्य काढायचं तर अर्धा तास लागतो. इथे ती चौदा माणसांना बांधून ठेवत होती. कोकीना नावाचा दगड तिनं सगळ्यांना हातात दिला. शिंपल्यांचा चुरा दाबून दाबून निसर्गानं केलेला, बोटानं उकरला तर भुगा पडतो असा. समोरचा किल्ला याच दगडाचा. इंग्रजांनी तोफा डागल्या, तेव्हा गोळे भिंतीत रुतून बसले, भिंत फुटली नाही.

"मऊ होता म्हणून टिकला," रेवा म्हणाली.

लोक "वॉव" म्हणाले. मी अटी पाळत होतो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पण किल्ल्यासमोरच्या हिरवळीवर तिनं त्याच्या वयाचा असा काही उल्लेख केला की माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आमच्या गावी नळदुर्गला याच्याहून जुना किल्ला आहे. त्याच्या आत पाण्याचा महाल आहे. वरून धबधबा पडतो, खाली खोली कोरडी."

बारा अमेरिकन माझ्याकडे वळले. मंजिरी माझ्यापासून दोन पावलं बाजूला सरकली.

रेवा गोड हसली. "ग्रेट! हे गृहस्थ किल्ल्याच्या गावातले आहेत. सर, तुम्ही त्या महालात शेवटचे कधी गेला होता?"

मी आठवलं. दहावीत. किल्ल्यात गेलेला क्रिकेटचा बॉल आणायला. महालापर्यंत गेलोच नव्हतो, बॉल अलीकडेच सापडला होता.

"बरेच दिवस झाले," मी म्हणालो.

"गावात राहणारे लोक किल्ला बघत नाहीत," ती इतरांना म्हणाली. "म्हणून आम्हाला पगार मिळतो." सगळे हसले. निळी हॅट घातलेल्या, मिशिगनहून आलेल्या डोना नावाच्या बाईंनी माझ्या दंडावर थोपटलं. त्या निवृत्त शाळामास्तरीण होत्या. वर्गात आगाऊपणा करणारी मुलं त्यांना नवी नव्हती.

किल्ल्यावरून आम्ही परत गल्लीत शिरलो. समुद्री चाच्याच्या वेशातला एक जण आइस्क्रीम खात होता. पर्यटकांना बसवून फिरवणारी गावातली ट्रॉली घंटा वाजवत गेली आणि तिच्यातल्या लोकांनी आम्हा चालणाऱ्यांकडे दयेनं बघितलं. एका सज्ज्याच्या सावलीत रेवानं सगळ्यांना थांबवलं, पाणी प्यायला लावलं आणि मेनॉर्कन लोकांची गोष्ट सुरू केली.

मेनॉर्का हे भूमध्य समुद्रातलं बेट. तिथून, आणि ग्रीस-इटलीकडूनही, इंग्रजांच्या काळात हजारावर माणसं जहाजांतून फ्लोरिडात आणली. इथून सत्तरेक मैल दक्षिणेला नीळ पिकवायची होती. करार झाला होता: इतकी वर्षं राबा, मग जमीन तुमची. मग मच्छर, ताप, उपासमार, मुकादमाचे फटके. माणसं शेकड्यांनी मेली. कराराची वर्षं संपली तरी संपली असं कुणी म्हणेना. तेव्हा तीन जणांनी कासवं पकडायला जातो म्हणून सुट्टी मागितली आणि समुद्राच्या कडेकडेनं चालत, खाड्या पोहत, इथे येऊन गव्हर्नरसमोर उभे राहिले. त्यानं ऐकून घेतलं. ते परत गेले, आणि मग उरलेले सगळे, म्हातारी, पोरं, आजारी, चालत या गावात आले. आपण उभे आहोत त्याच भागात राहिले. आजही इथल्या कितीतरी घरांत त्यांचीच आडनावं आहेत.

ती सांगत होती चांगलं. मी हे लिहितोय ते बाप म्हणून नाही. बाप म्हणून मी तेव्हा पहिला मुद्दा कुठे घुसवावा ते बघत होतो.

"मला ही गोष्ट कळते," रेवा म्हणाली, "कारण आमच्या घरी तिची एक छोटी आवृत्ती आहे." आणि तिनं माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली.

ती गोष्ट अशी. मी या देशात आलो तो एका कन्सल्टिंग कंपनीच्या करारावर. न्यू जर्सीत एका अपार्टमेंटमध्ये आम्ही चार जण राहायचो. कंपनीचा मालक आमचे पासपोर्ट "हरवू नयेत म्हणून" आपल्या कपाटात ठेवायचा. दुसरीकडे नोकरी मिळत असली तरी हलता येत नव्हतं. शेवटी फेब्रुवारीतल्या एका सकाळी चौघांनी ठरवलं, चौघे त्याच्या ऑफिसात गेले आणि पासपोर्ट दिल्याशिवाय हलणार नाही म्हणून उभे राहिले. तासाभरानं पासपोर्ट घेऊन बाहेर आले.

"त्या चौघांतला एक माझा बाबा," रेवा म्हणाली. "म्हणून ते तीन मेनॉर्कन जेव्हा गव्हर्नरच्या दारात उभे राहतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर न्यू जर्सीतलं एक ऑफिस येतं."

मला घाम फुटला, आणि त्याचा फ्लोरिडाशी संबंध नव्हता.

डोनाबाईंनी आमच्याकडे बघितलं, रेवाकडे बघितलं. नाक आमच्या घरात सगळ्यांचं एकच आहे. "हनी, हे तुझे वडील का?"

रेवानं हात वर केले. "बस्टेड."

कौतुकाचा एकच गलका झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मंजिरी रस्त्याकडे बघत होती. "सर," डोनाबाईंनी विचारलं, "आत गेल्यावर तुम्ही त्या माणसाला काय म्हणालात?"

साधा प्रश्न होता. मी म्हणालो, "मी 'प्लीज' म्हणालो."

सगळे खळखळून हसले. रेवा सगळ्यात जास्त. मला तिचा चेहरा दिसला. गेल्या आठ महिन्यांत, किंबहुना बऱ्याच वर्षांत, तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. उरलेली टूर कॅथीड्रल, चौक आणि आणखी दोन सगळ्यात जुन्या गोष्टी अशी झाली, पण त्यातलं मला काही सांगता येणार नाही. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी स्वतः जावं.

शनिवार, जेवताना

रेवानं आम्हाला मेनॉर्कन खाणं मिळतं अशा जागी नेलं. तिथे शिंपल्यांचं टोमॅटो घातलेलं सूप असतं, त्यात दातिल नावाची इथली मिरची. दिसायला गरीब, छोटी, पिवळी. वेट्रेसनं मला सावध केलं, "इट्स अ लिटल स्पायसी." सोलापूर भागातल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे गंमतच. मी उपहासानं हसलो आणि मोठा चमचा घेतला. पुढची दोन मिनिटं मी फक्त पाणी मागायच्या खुणा करत होतो. शिवाय भाताचा एक प्रकार आला. लिहितात पिलाव, उच्चारतात पर्लू. भूमध्य समुद्रातून अटलांटिक ओलांडून आमचा पुलाव इथे आधीच येऊन बसला होता, व्हिसाशिवाय.

"बाबा, यू वेअर सो गुड!" रेवा म्हणाली. "प्लीज! आता मी हे टूरमध्ये टाकणार आहे. लोकांना इतकं आवडलं."

"नको टाकूस," मी म्हणालो.

"का?"

फोनमधले तीन मुद्दे काढायची हीच वेळ होती. मुलगी खूश, पोट भरलेलं. मंजिरी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी तिला सांगितलं होतं, एकदाच.

"मी आत गेलो नव्हतो," मी म्हणालो.

"कुठे आत?"

"त्या ऑफिसात. तिघं गेले. सतीश आणि बाकीचे दोघं. मी गाडी चालवत नेली. लायसन्स माझ्याकडेच होतं. दाराशी पोचल्यावर मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी पार्क करून येतो."

"मग?"

"पार्किंग लॉट पूर्ण रिकामा होता, रेवा. शंभर गाड्या मावतील एवढी जागा. मी तासभर पार्क करत होतो."

सुपातली मिरची तिनं चमच्यानं बाजूला केली.

"तिघं बाहेर आले. सतीशनं माझा पासपोर्ट माझ्या मांडीवर टाकला. मी गाडी सुरू केली. मग काही वर्षांनी एका पॉटलकच्या जेवणात मी 'आम्ही चौघं' म्हणून सांगितलं. एकदा सांगितल्यावर..."

"मी ही गोष्ट आठवड्यातून दहा वेळा सांगते, बाबा," रेवा हळू आवाजात म्हणाली. "टेन टाइम्स अ वीक. लोक रडतात. एका माणसानं मला मिठी मारली होती." मग आईकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"मी पंचवीस वर्षं प्रत्येक पॉटलकमध्ये ही गोष्ट सुरू झाली की सॅलडकडे बघते," मंजिरी म्हणाली. "डब्लिनमधल्या सगळ्या सॅलडची मला माहिती आहे."

रेवा हसली नाही. "सतीशकाकानं तुझा पासपोर्ट का आणला?"

"माहीत नाही."

"यू नेव्हर आस्क्ड?"

"नाही."

"एव्हर?"

सतीश आता ॲरिझोनात, चँडलरला असतो. चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या पदावर. आम्ही दर दिवाळीला फोन करतो, एकमेकांच्या मुलांच्या ग्रॅज्युएशनला गेलोय, त्याच्या घरी आठ-आठ दिवस राहिलोय. हवामान, गुडघे, गुंतवणूक, सगळं बोलून झालंय.

"नाही," मी म्हणालो.

तिची दोनची टूर होती. तिनं हॅट उचलली, एप्रन नीट बांधला आणि गेली. तिचं सूप तसंच राहिलं. ते मंजिरीनं संपवलं. तिला मिरचीचं काही वाटलं नाही.

शनिवार, दुपारी

खाडीकाठच्या दगडी कठड्यावर मी बसलो. समोर बोटी, मागे बग्गीचे घोडे, शेजारी एक बाई कुत्र्याला सनस्क्रीन लावत होती. मंजिरी दुकानं बघायला गेली, जाताना म्हणाली, "चँडलरला आत्ता साडेअकरा वाजले असतील." बस, एवढंच.

मी फोन लावला.

"काय रे, आज दिवाळी आहे?" सतीश म्हणाला. मागे नळाचा आवाज येत होता. तो निवडुंगांना पाणी घालत होता. वाळवंटात जाऊन निवडुंगांना पाणी घालणारा माणूस आहे तो.

मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं. "न्यू जर्सीत, तू माझा पासपोर्ट का मागून आणलास?"

नळ बंद झाला. "आज हे कुठून काढलंस?"

"सांग ना."

"मी कुठे मागितला? चौघांचे एका रबरात बांधलेले होते. त्यानं कपाट उघडलं, गठ्ठा टेबलावर आपटला, आम्ही उचलला. आता काय तुझा काढून परत देणार होतो?"

इतकी वर्षं मी या माणसाच्या थोरपणाखाली वाकून चाललो होतो. त्याच्या मुलाच्या मुंजीला मी पाच तासांचं विमान करून गेलो. आणि माझी सुटका केली ती एका रबर बँडनं.

"मी आत यायला हवं होतं," मी म्हणालो.

"यायला हवं होतंस," सतीश म्हणाला. लगेच म्हणाला, काही न सावरता. "आम्हाला राग आला होता यार. महिनाभर तरी होता. तुझ्या लक्षात आलं नाही का, मी तुझ्या हातचा चहा घेत नव्हतो?"

मला वाटलं होतं त्यानं तेव्हा चहा सोडला होता.

"मग संपला राग," तो म्हणाला. "अरे, रेवानं विचारलं होतं मला. झाले चार-पाच महिने. फोन केला होता. म्हणाली, काका, फॅक्ट चेक करतेय, बाबा होता ना तुमच्याबरोबर आत?"

"तू काय सांगितलंस?"

"होता म्हटलं."

"का?"

"मग काय सांगू? पोरगी कौतुकानं विचारत होती. म्हटलं होता, माझ्या डाव्या बाजूला उभा होता."

डाव्या बाजूला. मी समोरच्या बोटींकडे बघत राहिलो. "थँक्स," म्हणालो असतो तर ते कशाबद्दल, ते मलाच कळलं नसतं. सतीशनंच नळ सुरू केला आणि गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर, ते विचारलं. मी सांगितलं.

शनिवार, चारनंतर

चौकात मोठ्या ओक वृक्षांखाली बाकं आहेत. रेवा तिथे आली ती घामानं निथळत, हॅट काखेत धरून. माझ्या शेजारी बसली, पण मध्ये पाण्याची बाटली ठेवली.

"दोनच्या टूरला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मेनॉर्कनांचं सांगितलं आणि पुढे गेले. चार मिनिटं उरली. लोकांनी फज घेतलं."

मी तिला सतीशचा फोन सांगितला. रबर बँड, चहा, डावी बाजू, सगळं. डाव्या बाजूवर ती थांबली. "म्हणजे माझे दोन्ही सोर्स खोटं बोलले," ती म्हणाली. "ग्रेट. मी क्रॉस-चेक केलं होतं, बाबा! मला इतकं प्रोफेशनल वाटलं होतं." आणि मग तिला हसू आलं. हसता हसता तिनं डोळे पुसले, ते घामामुळे असावं; मी विचारलं नाही.

"आई म्हणत होती तू माझ्यासाठी काहीतरी घेऊन आलायस."

"हो. नोकरी आहे एक. कोलंबसला."

"सांग."

मी फोन काढून तीनही मुद्दे सांगितले. हेल्थ इन्शुरन्स, पुढचं करिअर, आणि आम्ही दोघं आता म्हातारे होत चाललोय. तिनं मध्ये न बोलता ऐकलं. दुसऱ्या मुद्द्याला एक शंकाही विचारली. तिसऱ्याला मान डोलावली. मग म्हणाली, "नाही, बाबा. थँक यू."

"विचार तरी कर."

"केला. ऐकताना केला."

माझ्याकडे चौथा मुद्दा नव्हता. मंजिरी फजचा पुडा घेऊन आली आणि आमच्यासमोर उभी राहिली. दोघांच्या चेहऱ्यांवरून तिनं काय ते ओळखलं आणि पुडा उघडला.

रेवानं एक तुकडा तोंडात टाकला, एप्रनच्या खिशातून आपला फोन काढला, रेकॉर्डर सुरू केला आणि मधली बाटली उचलून त्या जागी ठेवला.

"आता हे काय?" मी म्हणालो.

"त्या तिघांचं सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "सत्तर मैल मागे थांबलेल्या लोकांना काय वाटत होतं, ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. आय हॅव लुक्ड. एक ओळ नाही. तू थांबला होतास. सांग."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? गाडीत बसलो होतो."

"गाडी कुठली?"

"सेकंडहँड. निळी. मागचं एक दार उघडत नव्हतं."

"बर्फ होता?"

"खूप."

"दार दिसत होतं तुला? ऑफिसचं?"

"दिसत होतं. काच पुसत होतो मधून मधून."

"उतरलास एकदा तरी?"

"एकदा दार उघडलं. पाय बाहेर ठेवला. मग परत घेतला."

ट्रॉलीची घंटा वाजली, ती तिनं विरू दिली. मग तिनं टूरवर लोकांना विचारते त्याच आवाजात, अगदी मऊपणे विचारलं, "हीटर चालू होता?"

चौकात ऊन होतं. फोनवर सेकंद पुढे सरकत होते. मंजिरीनं खायचं थांबवलं होतं.

"चालू होता," मी म्हणालो.